आपल्या मापाचे आयर्न

भुसार मालाच्या बाजारात एक जुना दंडक आहे. पोत्याच्या तोंडावरचा दाणा पाहून सौदा करू नये. नमुना पोत्याच्या पोटातून काढावा. तोंडावरचा दाणा विकणाऱ्याने मांडलेला असतो, मालाचा खरा स्वभाव आत असतो. तीस वर्षे या दंडकावर पेढी चालवलेल्या गृहस्थाने वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी गोल्फच्या काठ्या खरेदी करताना तो साफ विसरावा, ही गोष्ट सांगण्यात भूषण नाही. परंतु तो गृहस्थ मीच असल्याने आणि त्या विस्मरणाची किंमत ५३,००० रुपये पडल्याने, तिच्यातून निघालेला हिशेब वाचकांपुढे मांडणे मला कर्तव्य वाटते. माझ्या परिचयातील पाच-सहा बंधू-भगिनी पेढीची जबाबदारी मुलांवर सोपवून तारुण्यात खेळलेल्या गोल्फकडे पुन्हा वळले आहेत. त्यांना तरी ही चूक महागात पडू नये.

खेळ आणि त्याचे माप

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. अठरा होलच्या विस्तीर्ण मैदानावर, कमीत कमी फटक्यांत, चेंडू एकेका होलमध्ये पोहोचवायचा, एवढाच हा खेळ. ज्या काठीने चेंडू मारतात तिला क्लब म्हणतात; पण संस्थेलाही आपण क्लबच म्हणतो, म्हणून या लेखात मी काठी हाच शब्द ठेवतो. लांबच्या फटक्याला वुड, होलजवळ चेंडू हलकेच ढकलायला पटर, आणि या दोहोंमधल्या बहुतेक कामासाठी आयर्न, म्हणजे पातळ पोलादी हेडच्या क्रमांकित काठ्या. क्रमांक जसा वाढतो तसा हेडचा कल वाढतो, चेंडू अधिक उंच जातो आणि अधिक जवळ पडतो. शेवटी येतात ते आखूड अंतराचे वेज.

आपल्या देशात हा खेळ नवा नाही. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ साली स्थापन झाला. ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना गोल्फ क्लब मानला जातो. मुंबईचा विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब १९१८चा, चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७चा. पुण्यात येरवड्याला पूना क्लबचे मैदान आहे.

या खेळात प्रत्येकाचे एक माप असते, त्याला हँडिकॅप म्हणतात. निष्णात खेळाडूपेक्षा आपण साधारण किती फटके अधिक घेतो, त्याचा तो अंदाज. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक पद्धतीत अलीकडच्या २० फेऱ्यांतील उत्तम ८ फेऱ्या धरून हे माप काढतात. त्याची कमाल मर्यादा ५४ आहे. विसाच्या वर हँडिकॅप असलेल्या खेळाडूची गणना सामान्यतः कच्च्या खेळाडूंत होते. खेळ सोडला तेव्हा माझा हँडिकॅप १४ होता. एकवीस वर्षांनी परतलो तेव्हा तो २७ निघाला.

आठवणीतला खेळाडू

वडील गेल्यावर पेढीचा सारा भार अंगावर आला आणि काठ्या माळ्यावर गेल्या. मध्यंतरी रक्तातील साखर वाढली, डॉक्टरांनी चालायला सांगितले, मुलगा आणि सूनबाई पेढीवर बसू लागली, आणि जुन्या सवंगड्यांनी बोलावले. माळ्यावरच्या काठ्यांना तोवर गंज चढला होता आणि त्यांच्या मुठीचे रबर बोटांना चिकटत होते. नवा संच घेणे भाग होते.

दुकानात गेलो. विक्रेत्याने दोन-तीन संच दाखवले आणि मला पाच-सहा फटके मारू दिले. त्यांपैकी एक अप्रतिम बसला. "सर, तुमचा स्विंग अजून तसाच आहे," तो म्हणाला. माझ्यासमोर पातळ पात्याचा, आरशासारखा चकाकणारा, घडीव पोलादाचा संच होता. तसा संच तारुण्यात मी इतरांच्या बॅगेत पाहून हळहळलो होतो. १,१५,००० रुपये मोजले. पोत्याच्या तोंडावरचा तो एक दाणा होता, आणि तो मी स्वतःच माझ्यापुढे मांडला होता.

पुढचे चार महिने मैदानावर विलक्षण निराशेचे गेले. दहातला एखादा फटका गोड लागे. उरलेल्यांत चेंडू जमिनीसरपट जाई, नाहीतर अर्ध्या वाटेत पडे, आणि थंडीच्या सकाळी मनगटापासून कोपरापर्यंत झिणझिण्या येत. मी शिकवणी लावली, दोष स्वतःच्या पाठीला दिला, वयाला दिला. खेळ पुन्हा सोडावा असे मनात येऊ लागले होते, आणि त्याबरोबर डॉक्टरांनी सांगितलेले चालणेही सुटणार होते.

माझी बॅग वाहणारा कॅडी वीस वर्षांपूर्वी कोवळा मुलगा होता. आज तो चाळिशी ओलांडलेला आहे. त्याने माझा तेव्हाचा खेळ पाहिलेला. एके दिवशी न राहवून तो म्हणाला, "शेठ, काठी चांगलीच आहे. पण ती तुमच्या तेव्हाच्या हातांची आहे. आताच्या हातांसाठी दुसरी बघा."

विक्रेत्याने, मित्रांनी, शिक्षकाने जे सांगितले नाही ते त्याने एका वाक्यात सांगितले. संच ६२,००० रुपयांना विकला. तूट ५३,०००. सूनबाईने ती रक्कम घरखर्चाच्या वहीत 'शिक्षण' या सदरात टाकली, आणि तिचे चुकले असे मला वाटत नाही.

डोंबाऱ्याची काठी

कच्च्या खेळाडूला कोणते आयर्न हवे, हे समजण्यासाठी डोंबाऱ्याचा खेळ आठवावा. दोरीवर चालताना डोंबारी हातात लांब काठी आडवी धरतो. तिचे वजन मध्यापासून दूर, दोन्ही टोकांकडे पसरलेले असते, त्यामुळे ती सहजी गरकन फिरत नाही आणि तोल सावरायला अवधी मिळतो. आयर्नच्या हेडचेही तसेच आहे. वजन मध्यभागी एकवटलेले असेल, तर चेंडू मध्यावर बसल्यास सुख. पण जरा टोकाकडे किंवा टाचेकडे बसला की हेड हातात फिरते, आणि अंतर व दिशा दोन्ही हुकतात. तेच वजन कडांकडे नेले, मागची बाजू पोकळ ठेवली, तर चुकीच्या जागी बसलेल्या फटक्यातही हेड कमी फिरते. अशा आयर्नला कॅव्हिटी बॅक म्हणतात.

ही कल्पना बाजारात रुजवण्याचे मोठे श्रेय कार्स्टन सोल्हाइम यांना जाते. नॉर्वेतील बर्गन येथे १९११ साली जन्मलेले हे गृहस्थ बालपणीच अमेरिकेला गेले, तरुणपणी जोडे दुरुस्तीचे दुकान चालवले, पुढे जनरल इलेक्ट्रिकमध्ये अभियंता झाले आणि चाळिशी उलटल्यावर गोल्फ शिकू लागले. बाजारातील पटर त्यांना साधेना, म्हणून १९५९ साली घरच्या गॅरेजमध्ये त्यांनी स्वतःचा पटर घडवला. चेंडूला लागताच तो 'पिंग' असा वाजे. तेच पुढे कंपनीचे नाव झाले. साच्यात ओतलेली, कडांना वजन दिलेली त्यांची आयर्न कालांतराने जगभर पसरली; १९८२ साली आलेले पिंग आय-टू हे त्यांतले सर्वांत गाजलेले. उशिरा खेळायला लागलेल्या माणसाने स्वतःच्या चुकांकडे सरळ पाहिले आणि त्यांवर उपाय योजला, हे या कथेत मला विशेष वाटते.

गोल्फच्या भाषेत अशा आयर्नला क्षमाशील म्हणण्याची रीत आहे. क्षमेचे महत्त्व ज्या समाजात पर्युषणात दरवर्षी उजळले जाते, त्याला हा शब्द वेगळा समजावून सांगायला नको. दुकानात मात्र हा गुण नजरेने ओळखता आला पाहिजे. हेडची मागची बाजू पोकळ असावी. तळ रुंद असावा, म्हणजे काठी जमिनीत रुतण्याऐवजी घसरत पुढे जाते. वरची कड जरा जाड असावी. हेडची पुढची कड दांडीच्या रेषेहून किंचित मागे असावी. चेंडू सतत उजवीकडे वळणाऱ्याला त्याने थोडी मदत होते. असे आयर्न दिसायला ओबडधोबड असते. मी त्यालाच नाक मुरडले होते.

क्रमांक एक, अंश वेगळे

येथे व्यापाऱ्याने विशेष सावध राहावे. आयर्नवर कोरलेला क्रमांक हे प्रमाणित माप नाही. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या ७ क्रमांकाच्या आयर्नचा कल साधारण ३५ अंश असे. आज कच्च्या खेळाडूंसाठीच्या संचात तोच ७ क्रमांक २८ ते ३० अंशांचा असतो. कल कमी म्हणजे चेंडू लांब. म्हणून नव्या संचाचा 'सात' मारून पाहिला की दहा-पंधरा यार्ड वाढल्याचा आनंद होतो. प्रत्यक्षात आपण जुन्या काळचा 'सहा' किंवा 'पाच' मारलेला असतो, फक्त त्यावर 'सात' लिहिलेले असते.

अचौर्याच्या अतिचारांत 'हीनाधिक मानोन्मान', म्हणजे देण्याचे आणि घेण्याचे माप वेगळे ठेवणे, हा एक दोष सांगितला आहे. कंपन्या आपले अंश उघडपणे छापतात, त्यामुळे त्यांच्यावर हा आरोप करता येणार नाही. पण अंश न वाचता केवळ क्रमांकावर तुलना करणारा ग्राहक स्वतःलाच खोट्या मापाने तोलून घेतो. तुलना नेहमी समान अंशांच्या काठ्यांची करावी.

याचा आणखी एक परिणाम आहे. नव्या संचातील पिचिंग वेज ४३-४४ अंशांचा असतो, तर वाळूतून काढायचा सँड वेज ५४ ते ५६ अंशांचा. मधे दहा-बारा अंशांची दरी राहते, आणि नेमक्या त्याच अंतरावरून कच्चा खेळाडू वारंवार खेळतो. म्हणून संच ठरवताना सुमारे ५० अंशांचा एक मधला वेज हिशेबात धरावा. तो वेगळा घ्यावा लागला तर खर्च वाढतो.

नमुना पोटातून काढावा

दुसऱ्या खेपेला मी धंद्याची रीत वापरली. मित्राकडून कॅव्हिटी बॅक आयर्न चार दिवस मागून आणले. माझा जुना 'सात' ३४ अंशांचा होता, म्हणून मित्राच्या संचातील जवळपास तेवढ्याच अंशांचा 'आठ' निवडला. तीन सकाळी, दोन्ही काठ्यांनी आलटून-पालटून, प्रत्येकी दहा असे तीस-तीस चेंडू मारले आणि प्रत्येक चेंडू रोजमेळासारखा वहीत टिपला.

पातळ पात्याच्या काठीचा सर्वांत लांब फटका १४२ यार्डांचा, दुसरीचा १४०. एवढेच पाहिले असते तर पहिली काठी जिंकली असती. पण पहिलीचे तीसपैकी १३ चेंडू शंभर यार्डांच्या आत पडले होते, दुसरीचे ५. हिशेब स्पष्ट झाला. मोठ्या नफ्याचा एखादा दिवस दाखवून कोणी पेढी विकू लागला, तर आपण त्याच्या तुटीच्या दिवसांची वही मागतो. काठीचीही तीच वही मागावी. काठी निवडावी ती तिच्या वाईट फटक्यांवरून.

ही चाचणी करताना तीन गोष्टी पाळाव्यात. शक्य तेथे खऱ्या गवतावर मारावे. सरावाच्या चटईवर काठी चेंडूआधी टेकली तरी घसरून जाते आणि चूक लपते. दुसरे, हेडच्या पृष्ठभागावर थोडी टाल्कम पावडर लावावी, म्हणजे चेंडू कोठे बसला त्याचा ठसा उमटतो. माझे ठसे टोकाकडे गोळा झालेले दिसले, आणि पुढे काय बदलायचे ते कळले. तिसरे, पहिले पाच-सात चेंडू मोजू नयेत आणि शेवटचे पाच-सात टाळू नयेत. थकलेले हातच अखेरच्या होलवर खेळत असतात.

किंमत कोठे वाचते

नामांकित कंपन्यांचे संच आपल्याकडे परदेशातून येतात. आयातशुल्क आणि कर धरून चालू वर्षाच्या संचाची किंमत सहज लाखाच्या आसपास जाते. परंतु या मालाचा एक गुण आहे. दर एक-दोन वर्षांनी नवे मॉडेल येते, जुन्याचा भाव पडतो आणि त्याची उपयुक्तता मात्र जवळपास तशीच राहते. पोलादाचे हेड चार-सहा वर्षांत म्हातारे होत नाही. म्हणून काटकसरीने घेणाऱ्याला तीन मार्ग आहेत.

पहिला, विक्रेत्याकडे शिल्लक राहिलेला मागील मॉडेलचा कोरा संच. दुसरा, काही वर्षांपूर्वीचा, नीट वापरलेला संच. पिंग जी-४०० आणि जी-४१०, कॅलवेचे रोग, टेलरमेडचे एम-फोर, कोब्राचे एफ-नाईन, विल्सनचे डी-सेव्हन ही त्या वर्गातील नावे. तिसरा, ज्याला अजून खात्री नाही त्याने डेकॅथलॉनच्या इनेसिससारखा साधा संच किंवा अर्धा संच घेऊन एक हंगाम खेळावे आणि मग ठरवावे.

वापरलेला संच घेताना जुन्या मालाची नजर ठेवावी. प्रथम सात ते वेज या काठ्या पाहाव्यात, कारण झीज तेथेच होते. पृष्ठभागावरच्या खाचा नखाला स्पष्ट लागल्या पाहिजेत. सर्व दांड्या एकाच जातीच्या आहेत का, त्यांवरची पट्टी एकच आहे का, ते पाहावे. मधलीच एखादी वेगळी असेल तर ती मोडून बदललेली असते. पोलादी दांडी सपाट काचेवर हेड बाहेर ठेवून फिरवावी, वाक लगेच दिसतो. हेड हलवून खडखड ऐकू येते का ते पाहावे. काठ्या ओळीने उभ्या केल्यास लागोपाठच्या दोघींत साधारण अर्ध्या इंचाचा फरक असावा.

आणि भाव न पटण्याइतका स्वस्त असेल तर थांबावे. गोल्फमध्ये नकली माल बराच फिरतो: अक्षरे किंचित वाकडी, रंग खाचेबाहेर आलेला, हेडच्या मानेवर अनुक्रमांक नाही. जेथे क्रमांक आहे तेथे अधिकृत विक्रेत्याकडून तो तपासून घ्यावा. 'प्रतिरूपक व्यवहार' हाही अचौर्याचा अतिचार आहे. जाणूनबुजून नकली वस्तू घेणाऱ्याला त्यातून स्वतःला वगळता येणार नाही.

मी दुसऱ्या मार्गाने गेलो. सहा ते नऊ, पिचिंग वेज, त्याच कुळातील ५० अंशांचा वेज आणि सँड वेज, अशा सात काठ्या ३२,००० रुपयांना मिळाल्या.

मापात बसवणे

काठी स्वस्तात घेतली तरी ती मापात बसवण्याचा खर्च टाळू नये. दांडीपासून सुरुवात करावी. पोलादी दांडी साधारण ९० ते १३० ग्रॅमची, ग्रॅफाइटची बहुधा ५० ते ८० ग्रॅमची. पन्नाशीनंतर हाताचा वेग मंदावतो, सांधे कुरकुरतात. हलकी आणि अधिक लवचीक दांडी चेंडू वर उचलायला मदत करते आणि धक्काही कमी पोहोचवते. ग्रॅफाइट महाग पडत असेल तर हलके पोलाद हा मधला मार्ग आहे. 'स्टिफ' अशी छाप असलेली कडक दांडी घेण्यात पुरुषार्थ मानू नये.

नंतर कोन. काठी जमिनीवर टेकली असता तळ सपाट बसला पाहिजे. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या काठीचे टोक वर राहिले तर चेंडू डावीकडे ओढला जातो, टाच वर राहिली तर उजवीकडे जातो. तपासण्याची घरगुती युक्ती अशी: चेंडूवर मार्करने जाड रेघ ओढावी, ती उभी, काठीच्या बाजूला ठेवून मारावे. हेडवर उमटलेली रेघ खाचांशी काटकोनात असेल तर कोन बरोबर. कलती असेल तर कारागिराला दाखवावे. ओतीव पोलादाचे हेड एक-दोन अंशांपलीकडे वाकवण्याचा हट्ट मात्र धरू नये. पिंगच्या काठ्यांवर या कोनासाठी रंगीत ठिपका असतो; काळा ठिपका म्हणजे प्रमाण कोन, हे वापरलेला संच घेताना उपयोगी पडते.

शेवटी ग्रिप, म्हणजे मुठीचे रबर. ते कडक आणि गुळगुळीत झाले की काठी घट्ट आवळून धरावी लागते आणि फटका बिघडतो. सात ग्रिप बदलण्याचे ४,२०० रुपये आणि कोन व लांबी नीट करण्याचे १,८०० रुपये झाले. एकूण ३८,०००, म्हणजे पहिल्या खरेदीतील तुटीहूनही कमी.

चौदाची मर्यादा

आपल्या अनेक घरांत सकाळी चौदा नियम धारण करण्याची प्रथा आहे. आज द्रव्ये किती, वस्त्रे किती, वाहने किती, पादत्राणे किती, याची त्या दिवसापुरती मर्यादा आपण ठरवतो. गोल्फमध्येही एका फेरीत चौदापेक्षा अधिक काठ्या नेता येत नाहीत. अमेरिकेत हा नियम १९३८ साली झाला, ब्रिटनमध्ये १९३९ साली. त्यापूर्वी काही नामवंत खेळाडू वीसहून अधिक काठ्या कॅडीच्या खांद्यावर लादत. संख्या जुळली हा योगायोगच. मर्यादेमागची समज मात्र ओळखीची वाटते.

चौदा ही कमाल मर्यादा आहे, किमान नाही. तीन, चार आणि पाच क्रमांकाची आयर्न कच्च्या खेळाडूने घेऊच नयेत. त्यांचा कल इतका कमी असतो की मंद हातांना चेंडू वर उचलता येत नाही. त्यांच्या जागी गोलसर हेडची एखादी हायब्रिड पुरते. विक्रेता 'पूर्ण संच' देऊ करील, पण न वापरल्या जाणाऱ्या तीन काठ्यांचे पैसे वाचवता येतात. माझ्या बॅगेत आज एक वुड, एक हायब्रिड, ती सात आयर्न व वेज आणि एक पटर, अशा दहा काठ्या आहेत. परिग्रहाचे परिमाण करताना आपण प्रथम विचारतो, वापर किती? तोच प्रश्न येथे पुरेसा आहे.

कातडे, गवत आणि चातुर्मास

आपल्या घरांतून हमखास विचारले जाणारे दोन प्रश्न राहतात. पहिला कातड्याचा. गोल्फचा मोजा बहुधा मेंढीच्या मऊ कातड्याचा असतो, आणि विक्रेता तो न विचारता संचाबरोबर ठेवतो. कृत्रिम धाग्याचे मोजे सर्वत्र मिळतात, घाम अधिक सोसतात आणि टिकतातही. बूट आणि बॅगही कृत्रिम मिळतात. वापरलेल्या जुन्या संचावर क्वचित कातड्याची ग्रिप असते. आजच्या ग्रिप रबराच्या असतात, तेव्हा ती बदलून घ्यावी. खरेदीच्या वेळी स्पष्ट विचारण्यात संकोच नसावा.

दुसरा प्रश्न गवतावर चालण्याचा. हिरव्या मैदानावर पूर्ण निर्दोष खेळ संभवत नाही, हे मान्य केले पाहिजे. माझ्यापुरती मी मर्यादा घातली आहे: चातुर्मासात मैदानावर जात नाही, सरावाचे झोके घरच्या गच्चीवर चेंडूविना घेतो. वर्षातले आठ महिनेच वापरायच्या वस्तूवर किती खर्च करावा, याचेही उत्तर त्यात मिळते. ठेवताना काठ्या कोरड्या पुसाव्यात, खाचांतली माती जुन्या दातब्रशने काढावी, पोलादावर तेलाचे बोट फिरवावे, ग्रिप कोमट साबणपाण्याने धुवाव्यात आणि बॅग गाडीच्या डिकीत ठेवू नये. उन्हात ग्रिप आणि हेड जोडणारा चिकटा दोन्ही बिघडतात. ओलावा आणि ऊन टाळले की संच वर्षानुवर्षे टिकतो.

या संचाने आता एक वर्ष पूर्ण झाले. हँडिकॅप २७ वरून २४ वर आला आहे. १४ वर तो पुन्हा जाणार नाही, आणि त्याची खंत उरलेली नाही. सूर्योदयाला खेळ सुरू होतो, नवकारशीची वेळ तिसऱ्या-चौथ्या होलवर होते, आणि आठच्या सुमारास निम्मे मैदान पायांखालून गेलेले असते. डॉक्टर साखरेच्या अहवालावर समाधानी आहेत. रोजमेळाची ती वही मी अजून ठेवतो. तिच्यात वाईट फटके अधिक आहेत, पण त्यांची तूट आता परवडणारी आहे.

नव्या बॅगेसह पहिल्या दिवशी मैदानावर गेलो तेव्हा कॅडीने ती खांद्यावर घेतली, जरा तोलून पाहिली आणि म्हणाला, "हलकी झाली, शेठ." मग आम्ही चालू लागलो.